खारीचे फडताळ

कागद खिडकीकडून धरला काय, दाराकडून धरला काय, थोरला वटवाघळांतच होता. तिने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि जनुकवाल्याने लाल शाईने गोल केलेली वंशवृक्षाची ती बारीक फांदी बोटाने मागे मागे नेली. दोन फांद्या जुळतात तिथे बोट थांबले, पुढच्या जोडावर पुन्हा थांबले, आणि शेवटी जिथे पोचायला नको होते तिथेच जाऊन पोचले. समोर जनुकवाला खुर्चीवर उलटा बसून, पाठीच्या दांडीवर हनुवटी टेकून बिस्किट खात होता. वाईट बातमी आणणाऱ्याने जितके दिलगीर दिसावे तितका तो दिसत होता, पण म्हणून बिस्किट थांबले नव्हते. "परत परत चालवून पाहिलं, मॅडम," तो म्हणाला. "मला वाटलं, माझ्याकडूनच नळ्यांची अदलाबदल झाली असेल. नाही झाली. खारीचा जंत उंदरांच्या जंतांतला नाहीच. तो वटवाघळांकडून आलाय." आणि मग, गप्प बसणे स्वभावातच नसल्यामुळे, "सरांना तुम्हीच सांगाल ना?" असे विचारून त्याने पुडा तिच्यापुढे केला. तिने एक बिस्किट घेतले. अशा वेळी नाही म्हणायला हवे होते, हे तिला ते तोंडात टाकल्यावर सुचले.

थोरला म्हणजे खारीच्या लहान आतड्यात राहणारा, केसाएवढा, जिवंतपणी लालसर आणि घड्याळातल्या स्प्रिंगसारखा वेटोळे घालून बसणारा एक जंत. त्याला रीतसर लांबलचक शास्त्रीय नाव होते, पण ते लेखापुरते. संग्रहालयात आणि घरी तो थोरला, कारण सरांनी तरुणपणी तो शोधला तेव्हाच त्याला हा मान देऊन टाकला होता. सरांचे सगळे आयुष्य एका म्हणण्यावर उभे होते: इथल्या रानातले प्राणी आणि त्यांच्या पोटातले जंत बरोबरीने वाढत आले. सशांचे कूळ फुटले तिथे सशांच्या जंतांचेही फुटले, उंदीर वेगळे झाले तिथे त्यांचे जंत वेगळे झाले, आणि कुणी कुणाचे घर सोडले नाही. प्राण्यांच्या वंशाचे झाड काढून त्यावर जंतांच्या वंशाचे झाड ठेवले, तर उशीवर अभ्रा बसावा तसे बसते. आणि कुरतडणाऱ्या सगळ्या प्राण्यांच्या जंतांत मुळाशी, सर्वांच्या आधी, खारीचा. या एका जंतासाठी सर झाडावर चढले होते. जुन्या झाडाच्या ढोलीत हात घालून त्यांनी खार काढली होती, आणि काढताना अंगठ्याला कडकडून चावा बसला होता तो मात्र वटवाघळाचा. ही गोष्ट सर दर समारंभात सांगत, अंगठा वर करून व्रण दाखवत, आणि शेवटी म्हणत, "आमचा या शास्त्रात खारीचा वाटा, तोही रक्त सांडून." लोक दरवेळी हसत. तीही हसे. इतकी वर्षे हसताना त्या गोष्टीत काय सांगितले आहे, ते एकालाही ऐकू आले नव्हते. आज कागदावरच्या लाल गोलाकडे बघताना तिला तो अंगठाच दिसत होता.

"हवं तर," जनुकवाला पुडा गुंडाळत म्हणाला, "या लेखातून खारीचा नमुना गाळू. बाकीचं झाड सरांच्या म्हणण्याशी बऱ्यापैकी जुळतंच आहे. ससे जागेवर, चिचुंदऱ्या जागेवर, रानउंदीर थोडे इकडेतिकडे. खारीचं पुढे कधीतरी करू. लेखावर पहिलं नाव तुमचं आहे, तुम्ही म्हणाल तसं." तो मनापासून बोलत होता. त्यालाही सर आवडत. त्याच्या सगळ्या यंत्रांना सर 'तुमची शेगडी' म्हणत आणि तो त्यावर खूश असे. तिने सांगितले, उद्या कळवते. तो गेल्यावर तिने कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि समोरच्या सूक्ष्मदर्शकाकडे पाहत बसली. तिच्या हाताशी काचेच्या बशीत ती काडी होती, टोकाला पापणीचा एक केस चिकटवलेली. जंताचे पात्याने कापलेले तुकडे याच केसाने हलवायचे. जंताच्या अंगावर लांबीभर बारीक कंगोरे असतात, त्यांनीच तो आतड्याच्या भिंतीला धरून राहतो. कंगोरे किती, कुठे ठसठशीत, कुणीकडे झुकलेले, यावरून कोण कुणाचा ते ठरवायचे, आणि ते दिसायला जंत आडवा कापून तो चकतीसारखा तुकडा थेंबात उभा करावा लागतो. तो उभा राहत नाही. हट्टी मुलासारखा आडवा पडतो, पुन्हा उभा करावा तर पुन्हा पडतो. केस माणसाच्या पापणीचाच लागतो, दुसरा कुठलाही टोकाला इतका मऊ नसतो. सरांच्या पापण्या विरळ झाल्या तेव्हापासून घरी-दारी दोन्हीकडच्या काड्यांना केस तिचाच. "आज जरा एक द्यायचा होता," असे ते सकाळी दाराशी येऊन म्हणत, वर्तमानपत्र मागावे इतक्या सहज, आणि ती आरशापुढे उभी राहून डोळा मिटून एक ओढून देई. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. आईला तर मुळीच नाही.

आईचा प्रश्न एकच असे आणि तो फोनवर हवापाण्याच्या गप्पांनंतर, ठेवता ठेवता येई. "अगं पण आता तू त्यांची लागतेस कोण?" ती आधी सरांची विद्यार्थिनी होती, मग त्यांच्या एकुलत्या मुलाशी लग्न करून सून झाली. लग्नानंतर काही दिवस तिने 'बाबा' म्हणून पाहिले. दोघेही इतके अवघडले की एकदा जेवताना त्यांनीच, "ते सरच राहू दे, मला कुणाला हाक मारलीस तेच कळत नाही," असे सांगून सोडवले. नवरा पुलांचे नकाशे काढी. चांगला होता, अजूनही आहे. भांडण असे कधी झाले नाही. एकदा मात्र तो पानावर बसल्या बसल्या म्हणाला, "तुम्ही दोघं बोलायला लागलात की मला माझ्याच घरात पाहुण्यासारखं वाटतं," आणि सर म्हणाले, "मग भाजी तरी नीट घे, पाहुण्यासारखा संकोचू नकोस." सरांना वाटले, त्यांनी विनोद केला. पुढे त्याला दुसऱ्या शहरात जंतांविषयी अवाक्षर न काढणारी एक बाई भेटली आणि कागदपत्रे शांतपणे झाली. महिनाअखेर तीही जायची होती, खोलीसुद्धा बघून ठेवली होती. पण सरांच्या डोळ्याचे ऑपरेशन निघाले, मग थेंब घालायला कुणीतरी हवे झाले, मग साथीत मेलेल्या सशांच्या पेट्या आल्या, आणि सशांना कुणाच्या घटस्फोटाशी देणेघेणे नसते, ते कुजायला लागतात. ससे संपेपर्यंत खोली दुसऱ्या कुणाला गेली होती. राहा असे सर म्हणाले नाहीत, राहते असे ती म्हणाली नाही. आईच्या प्रश्नाला ती तेव्हा म्हणाली होती, "आई, पेट्या आल्यात," आणि गंमत म्हणजे आजतागायत तिच्याकडे त्याहून बरे उत्तर नव्हते.

ती सुखात होती, हे सरळ म्हणून टाकायला हरकत नाही. लोक तिची कीव करत आणि ती कीव घेऊन नेमकी ठेवायची कुठे, ते तिला कळत नसे. सकाळी दोघे टेबलाच्या दोन टोकांना बसून काम करत, मधे चहाची किटली. सर एखादा कंगोरा मोजताना आकडा विसरत आणि तिला दोष देत. संध्याकाळी तिने दार उघडले की आतून प्रश्न येई, "काय म्हणतायत लोक?" लोक म्हणजे जंत. माणसांविषयी ते कधी विचारत नसत, पण त्यांचा एक नियम होता आणि तो ते विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगत: जंताला माणसाच्या गोष्टी चिकटवायच्या नाहीत. आगंतुक म्हणायचे नाही, फुकट्या म्हणायचे नाही, बिचारा तर नाहीच नाही. थोरला म्हणणारे सर हा नियम स्वतःला कसा लावत, हे विचारण्याची कुणाची छाती नव्हती. आज मात्र खुर्चीत बसल्या बसल्या तिच्या मनाने तो नियम धाब्यावर बसवला होता. दुसऱ्यांच्या घरातून आलेला, रक्ताचा कुणीच नव्हे, आणि सगळे त्याला घरातला वडीलधारा समजून बसलेले. तिला स्वतःचाच राग आला. जंत जंत असतो. पण विचार पुढे गेलाच. त्या घरात ती जिच्या जोरावर होती ती नात्याची दोरी कधीच तुटली होती. उरले होते ते हे काम, सरांचे म्हणणे, जे ती रोज थोडे थोडे पुढे नेत होती. तेच आज तिच्याच हातून मोडणार होते. मोडल्यावर दोघांनी टेबलाच्या दोन टोकांना बसायचे ते कशासाठी? किटली तरी मधे का ठेवायची?

निघण्याआधी ती तळघरात गेली. काही काम नव्हते. जिना उतरता उतरता स्पिरिटचा वास अंगावर येतो, नव्या माणसाचे डोके दुखते, तिला मात्र तो आला की घरी आल्यासारखे वाटे. फडताळे सरांनी लावली होती, आणि त्यांची रीत जगावेगळी होती. इतर ठिकाणी जंत त्यांच्या स्वतःच्या कुळाप्रमाणे लावतात, भाऊबंद एका ओळीत. सरांनी ते यजमानाप्रमाणे लावले. यजमान म्हणजे ज्याच्या पोटात राहायचे तो प्राणी. सशाचे फडताळ, चिचुंदरीचे फडताळ, वटवाघळांची दोन, कोल्ह्याचे, खारीचे. "ससा उघडला तर आत काय सापडेल, हे इथे उभं राहून कळलं पाहिजे," एवढेच त्यांचे स्पष्टीकरण. नव्या संचालकांना ही मांडणी गबाळी वाटे. हे झाड हाती आले की सगळ्या बाटल्या कुळाप्रमाणे हलवायच्या, असे त्यांनी केव्हाचे ठरवले होते. तिने खारीचे फडताळ उघडले. थोरल्याची बाटली वरच्या खणात डावीकडे, सरांच्या काळ्या शाईतल्या चिठ्ठीसह. आत पाच-सहा वेटोळी बुडाशी निवांत पडलेली, रंग उडालेली, कुणाच्याही भानगडीत नसलेली. इथून ती उचलायची, समोरच्या भिंतीशी न्यायची, आणि वटवाघळांच्या दुसऱ्या फडताळात जागा करून ठेवायची. दहा पावलेसुद्धा नाहीत. तिने बाटली हातात घेतली, उजेडाकडे धरली, आणि होती तिथे ठेवून फडताळ लावले.

घरी जायला बस होती, पण ती चालत निघाली. रस्त्यावर दिवेलागणीच्या आधीचा तो स्वच्छ उजेड होता ज्यात प्रत्येक गोष्ट आहे त्यापेक्षा जरा जवळ दिसते: चपला दुरुस्त करणाऱ्याची हातोडी, औषधाच्या दुकानातली रांग, फळवाल्याने पुसून पुसून चकचकीत केलेले पेअर. तिने पेअर घेतले, सरांना दातांनी झेपतील इतके पिकलेले बघून. निवडता निवडता तिच्या ध्यानात आले की ती ते दाबून बघतेय ती लाच द्यायला निघाल्यासारखी, आणि तिला हसू आले. गाळून टाकावा का नमुना? सर आता लेख वाचत नाहीत, तीच वाचून दाखवते. वाचताना एक परिच्छेद वगळला तर त्यांना कळणारही नाही. उरलेली वर्षे ते थोरल्याला थोरला म्हणत राहतील, व्रण दाखवत राहतील, आणि ती हसत राहील. हे सगळे शक्य होते, अगदी सोपे होते, आणि कोपऱ्यावर वळेपर्यंत तिला कळले की तसे केले तर त्या दिवसापासून ती खरोखरच तिथे परकी होईल. आजवर त्या घरात दोघांनी एकमेकांपासून काही झाकून ठेवले नव्हते. झाकण्यासारखे काही नव्हतेच म्हणा. पेअरची पिशवी या हातातून त्या हातात घेत ती लिफ्टपाशी उभी राहिली. लिफ्ट नेहमीप्रमाणे तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी दार उघडे ठेवल्याने अडकली होती. ती जिन्याने चढली आणि प्रत्येक वळणावर तिला वाटत राहिले, अजून एक मजला असता तर बरे झाले असते.

सर गॅलरीत वेताच्या खुर्चीत मटार सोलत होते. हे काम त्यांनी स्वतःकडे ओढून घेतले होते, कारण दर शेंग उघडून आत कोण आहे ते बघता येई. किडके दाणे ते वेगळ्या वाटीत ठेवत आणि ती वाटी चांगल्या दाण्यांच्या भांड्यापेक्षा जास्त जपत. "काय म्हणतायत लोक?" त्यांनी मान वर न करता विचारले. आधी चहा, मग पेअर, मग हळूहळू विषय काढायचा, असे तिने चालताना ठरवले होते. "झाड आलं, सर," ती म्हणाली. चपलासुद्धा पायातच होत्या.

त्यांनी मांडीवरची टरफले झटकली, हात धोतरासारख्या सैल पायजम्याला पुसले आणि कागद घेतला. तिने पर्समधले भिंग दिले. ते झाड बघत होते आणि ती त्यांचे बोट. बोट सशांवर गेले, थांबले, मान हलली. चिचुंदऱ्यांवर गेले. उंदरांच्या जुडग्याच्या मुळाशी गेले, जिथे थोरला असायला हवा होता, आणि तिथे कुणीच नव्हते. मग त्यांना लाल गोल दिसला. बोट तिच्यासारखेच मागे मागे जाऊ लागले, जोडावर थांबत. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होते, ती सुरू होईना. सरांनी भिंग मांडीवर ठेवले. तिला माफी मागावीशी वाटली, आणि कशाची ते कळेना.

"ढोली," सर म्हणाले.

"काय?"

"ढोलीत, अगं. वर वटवाघळं लटकलेली, खाली खारीचं घरटं. वरची घाण खालच्यांच्या अन्नात." त्यांनी उजवा अंगठा डोळ्यांसमोर धरला आणि तो कधी पाहिलाच नसल्यासारखा उलटसुलट करून पाहिला. "हात घातला खारीसाठी आणि चावलं वटवाघूळ. आणि मी ही गोष्ट जन्मभर विनोद म्हणून सांगत आलो." मग ते हसायला लागले. आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी. ती घाबरली आणि त्यांच्याबरोबर हसूही लागली, कारण ते खरेच हसत होते, त्यात काही लपलेले नव्हते. "अंगठा तेव्हाच सांगत होता. ऐकलं कोणी?"

"कंगोरे मात्र हुबेहूब उंदरांच्या जंतांसारखे आहेत, सर. तिथे तुमचं काही चुकलेलं नाही. मी पण मोजलेत."

"मग आले कुठून?"

"त्या आतड्यात धरून राहायचं तर अंग तसंच लागत असेल. आला तेव्हा नसतील. राहता राहता झाले."

"राहता राहता," सर म्हणाले आणि त्यांनी एक शेंग उचलली. "कधी आला असेल?"

"फार जुनं आहे. लाखो वर्षं तरी."

ते सोलत राहिले. दाणे भांड्यात पडत राहिले. कुठली शेंग किडकी निघत नव्हती. ती कठड्याला टेकून उभी होती आणि वाट पाहत होती, कसली ते धड माहीत नसताना. स्कूटर एकदाची सुरू झाली आणि गेली.

"बाटली हलवणार का?" सरांनी विचारले.

"संचालकांना सगळंच कुळाप्रमाणे लावायचंय. त्यांचं म्हणणं—"

"त्यांचं मला माहितेय. तुला विचारतोय. फडताळाची किल्ली तुझ्याकडे असते."

"मला नाही हलवावीशी वाटत," ती म्हणाली.

"मग नको हलवूस." त्यांनी शेंगेतले दाणे अंगठ्याने, त्याच अंगठ्याने, भांड्यात सरकवले. "लेखात तो कुठला ते तू लिही. नीट लिही, माझी भीड ठेवू नकोस, आणि थोरला म्हणणं चुकीचं होतं असंही लिही. झाडात त्याला जिथे जायचं तिथे जाऊ दे. बाटली आपल्या फडताळात राहील. उद्या कुणी खार उघडली तर तो तिच्यातच सापडणार आहे ना? मग झालं तर. इतक्या काळाने त्याला तू वटवाघळांचा, ऊठ, म्हणणारे आपण कोण?"

ती म्हणाली, "सर, जंताला माणसाच्या गोष्टी चिकटवायच्या नाहीत."

सरांनी पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे पाहिले. पाहिले ते चांगले निरखून, चकती थेंबात उभी राहिली आहे ना ते बघावे तसे. "मी बाटलीबद्दल बोलतोय," ते म्हणाले. "चहा टाकतेस का मी टाकू?"

तिने आत येऊन चपला काढल्या, आधण ठेवले, पेअर धुऊन फोडी करायला घेतल्या आणि सुरी तशीच हातात धरून थोडा वेळ ओट्याशी उभी राहिली. डोळे पुसले तेव्हा बोटाला पापणीचा एक केस लागून आला. तिने तो टाकला नाही. फडताळातून रिकामी डबी काढून तीत ठेवला, सकाळी लागणारच होता. पाण्याला उकळी येऊ लागली होती. आईचा फोन आज यायचा होता आणि आज प्रथमच तिला त्याची धास्ती नव्हती, उत्तर अजूनही सापडलेले नसताना.

"अगं," गॅलरीतून हाक आली. "चहा राहू दे जरा. एक अळी सापडली. जिवंत आहे. भिंग घेऊन ये."

"भिंग तुमच्याच मांडीवर आहे, सर."

"मग तू ये," सर म्हणाले.

तिने गॅस बंद केला आणि ती गेली.